घरजावयाची साक्ष

जानेवारीत, तिकडच्या ऐन पावसाळ्यात, मका कमरेएवढा झाला आणि तुरा फुटायच्या वेळेलाच पावसानं पाठ फिरवली. मुलांजेच्या डोंगरावर ढग रोज यायचे, तिकडच्या तिकडे चहाच्या मळ्यांवर रिते व्हायचे. खालच्या मैदानाला त्यांची नुसती सावली मिळायची. मुलिवा गावातल्या बायकांनी आधी भोपळ्याची पानं खुडली, मग वेलांचे शेंडे खुडले, मग कोंड्यात कच्चे आंबे शिजवून पोरांपुढे ठेवले. पोरं ते खायची आणि पोट धरून सावलीला पडायची.

अशा दिवसांत कायुनी साहेब मोटारसायकलीवरून आला. तो परदेशी मदत संस्थेचा माणूस, उत्तरेकडचा. पायात बूट, बोलणं शाळेतलं. डोंगराच्या उतारावर पाणी अडवायला बांध घालायचे, घालील त्याला मक्याचं पीठ आणि वाल मिळतील, असं त्यानं आंब्याखाली सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, "पण एक अट आहे. संस्थेला नुसती गरिबी हटवायची नाही, गावात सुशासनही आणायचं आहे. एक तक्रार समिती लागेल."

"सुशासन म्हंजे काय वो साहेब?" कुणीतरी विचारलं.

कायुनी उत्तर जुळवत होता तोवर मागच्या बायकांतून दोरिका म्हणाली, "म्हंजे खानाऱ्यानं इचारून खायाचं."

सगळे हसले. खुर्चीवर बसलेला मुखियाही हसला. गावाचं नाव मुलिवा, आणि गावाच्या त्या एका खुर्चीवर जो बसेल त्याचंही नाव मुलिवाच. आताचा मुलिवा साठीचा होता, शांत, कधी आवाज न चढवणारा.

"समितीचा अध्यक्ष मुखियाच्या नात्यातला नको," कायुनी म्हणाला.

"अवो साहेब," एक म्हातारी म्हणाली, "हितलं कुत्रंसुदिक मुलिवाचं भाचं लागतंय. नात्याभायेरचा कुठनं आनू?"

"जावई हायत की!"

"व्हय व्हय, घरजावई! ते कुनाचेच न्हाईत!"

आणि अशा हसण्या-खिदळण्यात लायटन अध्यक्ष झाला. त्या मुलखात जमीन बायकांची. लेक घरी राहते, नवरा बाहेरून येतो, सासरच्या जमिनीवर कुदळ मारतो, आणि एखाद्या दिवशी त्याची कुदळ अन् चटई अंगणात ठेवलेली दिसली की न बोलता चालू लागतो. गावात जावई पुष्कळ होते, पण बाकीच्यांची माहेरं म्हणावीत अशी गावं हाकेच्या अंतरावर होती. लायटन चिल्वा तळ्याकाठच्या कोळ्यांतला. तळं आटत आटत चिखल झालं, भाऊ पांगले, आईचं घर वाऱ्यानं नेलं. त्याला परत जायला जागाच नव्हती. त्यामुळं तो सगळ्यांत जास्त राबायचा आणि सगळ्यांत कमी बोलायचा. असा माणूस अध्यक्ष व्हायला कुणाची हरकत असणार? मुखिया लायटनच्या बायकोचा, एलुबीचा, सख्खा मामा. त्यानं लायटनकडे बघून मान हलवली. "जावई आपलाच हाय," तो म्हणाला. कायुनीनं ते ऐकलं की नाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून उतारावर काम सुरू झालं. दोघांनी दोरी धरायची, बाकीच्यांनी दोरीखाली चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला चढवायची. जमीन भाजलेल्या मडक्यासारखी झालेली. कुदळीचा दांडा आखूड, त्यामुळं माणूस दिवसभर दुमडलेला. उपाशी पोटानं वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मग लोक कुदळीवर हनुवटी टेकून थोडं थांबायचे आणि कुणी बघत नाही ना ते बघून पुन्हा वाकायचे. लायटनच्या शेजारी दोरिका खणायची. ती एलुबीच्या लांबच्या नात्यातली, वयानं मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक बाळंत होऊन घरी पडलेली, तिच्या अंगावर दूध नव्हतं. लायटन नवा जावई म्हणून आला तेव्हा झोपडी बांधता बांधता भुकेनं भिंतीशी बसला होता, आणि हीच दोरिका तुरीचं कालवण घेऊन आली होती. तेव्हापासून तो तिला अक्का म्हणायचा.

"अध्यक्ष," ती खणता खणता म्हणायची, "तुमच्या चराला बाक आलाय. तक्रार कुनाकडं करू?"

"गप गं अक्का."

"आता गप म्हनून चालतंय व्हय? सुशासन आलंय गावात."

पहिलं वाटप चर्चच्या अंगणात झालं. कायुनीच्या गाडीतून पोती उतरली, ज्याचं त्याला मिळालं. गाडी वळणाआड गेली तसे मुखियाचे दोन भाचे मोठी टोपली घेऊन वाटेवर बसले. जाणाऱ्यानं आपल्या पोत्यातलं एक ताटभर पीठ त्यात ओतायचं. कुणी मयत झालं तर, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, असं ते होतं. जुनी रीत होती. लोकांनी ओतलं. लायटननंही ओतलं. दुसऱ्या वाटपाला ताट जाऊन बादली आली. बादली म्हणजे निम्म्या आठवड्याचं खाणं. लोक एकमेकांकडे न बघता ओतत राहिले. दोरिकानं आपल्या पोत्याची गाठ सोडलीच नाही.

"माझ्या घरी बाळंतीन हाय," ती भाच्यांना म्हणाली. "मामाला सांगा, ह्या खेपेला मीच म्हातारीकोतारी."

आणि डोक्यावर पोतं घेऊन निघून गेली.

संध्याकाळी ती लायटनच्या अंगणात आली. एलुबी चूल पेटवत होती. दोरिकानं कमरेचं कापड सारखं केलं, लायटनपुढे गुडघे टेकले आणि मोठ्या माणसाशी बोलताना वाजवतात तशी हलकेच टाळी वाजवली. लायटन गोंधळून उठलाच. त्याच्यापुढे आजवर कुणी गुडघे टेकले नव्हते.

"अक्का, काय करतीस? ऊठ."

"मी लायटनकडं न्हाई आले. समितीकडं आलीया." तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. "बादली घेत्यात ते चुकीचं हाय. मी एकटीच बोलतीया म्हनून माझ्यावर येनार. पन तू अध्यक्ष हायेस. पाव्हनं येनार हायत म्हनं, संस्थेची मोठी मानसं. त्यांच्याफुडं तू म्हन, न्हाईतर मी म्हनते नि तू व्हय म्हन. येवढंच."

एलुबीनं फुंकणं थांबवलं. लायटननं बायकोकडे पाहिलं नाही. "म्हनतो," तो म्हणाला. "मी व्हय म्हनतो, अक्का."

ती गेल्यावर एलुबी एवढंच म्हणाली, "शब्द देताना घर कुनाचं ते इचारलं असतंस तर बरं झालं असतं."

एक-दोन दिवसांतच मुखियाचं बोलावणं आलं. भरदुपारी मुलिवा ओसरीवर खुर्चीत बसला होता आणि एक भाचा ब्लेडनं त्याचं डोकं भादरत होता. लायटन खाली मातीत उकिडवा बसला, टाळी वाजवली. मुखियाची मान खाली होती. तो तसाच, जमिनीशी बोलल्यासारखा बोलला.

"जावईबापू, अध्यक्ष झाल्यापास्नं दिसत न्हाईस."

"कामावर असतो, मामा."

"राबतोस, मला दिसतंय. एलुबीला म्हनलं मी, नशीब काढलंस." ब्लेड खरखरलं. "भावांचा काय निरोप?"

"न्हाई, मामा."

"तळं पुरतं आटलं म्हन्त्यात. आईचं घर पन गेलं ना? वाईट झालं. मानसाला टेकायला जागा लागती." तो थोडा थांबला. भाच्यानं कानामागची रेघ साफ केली. "दोरिका आली व्हती म्हनं तुझ्याकडं. बाई कष्टाची हाय, पन जिभेला हाड न्हाई. पाव्हनं येतील, जातील. रानातला धूर घरात कोन आनतं? मी तुला काय सांगावं, तू शहाना हायेस."

लायटन गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे हो नव्हे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"पोर कशी हाय? एनेलेसी? पाय सुजल्यात म्हनं तिचं." मुखियानं पहिल्यांदा मान वर केली. अर्ध्या डोक्यावर पांढरे केस, अर्धं चकचकीत. डोळे खरोखरच कनवाळू होते. "ती बादली घिऊन जा. पोरीला घाल चार घास."

भिंतीशी पिठानं भरलेली बादली होती. लोकांच्या पोत्यांतलं पीठ. लायटननं दोन्ही हात पुढे करून ती घेतली, गुडघा वाकवला, आभार मानले. सरळ वाट दोरिकाच्या अंगणावरून जायची. तो कसाव्याच्या कंदांच्या शेतातून लांबचा वळसा घालून गेला. बादली कधी या हातात, कधी त्या हातात घेत, पिठावर पान झाकून, चोरासारखा.

एलुबीनं बादली पाहिली. पीठ कुठलं ते विचारलं नाही. आधण ठेवलं, पीठ घोटून घोटून नसिमाची घट्ट उकड केली, भोपळ्याच्या पानांबरोबर वाढली. एनेलेसी चार वर्षांची. ती दोन्ही हातांनी खात होती, आणि घास गिळायच्या आत पुढचा घास मळत होती. "अजून," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत तिनं तो शब्द म्हटला नव्हता, कारण अजून नसायचंच. एलुबीनं तोंड फिरवून डोळे पुसले. लायटननं हात धुतले आणि तोही जेवला. त्याला वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. पण उतरलं. गोड लागलं. त्यानं बोटं चाटली, मग चाटतो आहोत हे लक्षात येऊन हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी उतारावर मुकादमानं दोरिकाला बाजूला काढलं. हा मुकादमही मुखियाचा भाचाच. "तुझं काम बंद. मानसं जास्त झाली," तो म्हणाला.

"मीच जास्त झाले व्हय?"

"मला काय इचारतीस? समितीला इचार."

तिथं पन्नास-साठ माणसं दुमडलेली होती. कुणी वर पाहिलं नाही. दोरिका मात्र लायटनकडे बघत उभी राहिली. तिला काही विचारायचं नव्हतं, नुसती वाट बघत होती. लायटननं दोरी धरली होती. तो दोरीकडे बघत राहिला, जणू ती कुठं सैल पडली आहे का हेच काय ते जगात बघायचं उरलं होतं. बऱ्याच वेळानं मान उचलली तेव्हा ती उतारावरून खाली जात होती, कुदळ खांद्यावर, पाठ ताठ.

पाहुणे आले तेव्हा बायकांनी नाचत त्यांना आंब्याखाली आणलं. खुर्च्या शाळेतून आणल्या होत्या. राजधानीचे दोन साहेब, आणि मोठी म्हणावी अशी एक गोरी बाई, पिकल्या केसांची, उन्हानं नाक लाल झालेली. आल्या आल्या तिनं म्हाताऱ्यांना गुडघा वाकवून नमस्कार केला. लोकांना ती आवडली. तिनं बांधांचं कौतुक केलं. मग म्हणाली, आणि कायुनीनं गावच्या भाषेत सांगितलं, "बांध बघायला मी आले नाही. तुमचं बोलणं ऐकायला आले आहे. वाटप नीट होतं का? कुणी काही मागतं का? मोकळेपणी बोला. बोलणाऱ्याला काहीही होणार नाही."

मुखिया खुर्चीत शांत बसला होता, ताज्या भादरलेल्या डोक्यावर टोपी.

दोरिका उठली. ती पुढे आली, बाईपुढे गुडघे टेकले आणि स्पष्ट आवाजात बोलली. "दर वाटपाला मुखियाची मानसं बादलीभर पीठ काढून घेत्यात. मी दिलं न्हाई म्हनून माझं काम काढलं. माझी लेक बाळंतीन हाय. मी समितीला सांगितलंय."

कायुनीनं हे सांगितलं. नीट सांगितलं असावं, कारण बाईचा चेहरा बदलला. तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि काही विचारलं.

"समितीचे अध्यक्ष कोण?" कायुनी म्हणाला. "बाई विचारतात, ही म्हणते ते खरं आहे का?"

लायटन उभा राहिला. त्यानं पहाटेपासून ठरवलं होतं. फार नाही, फक्त 'व्हय' म्हणायचं. एक शब्द. समोर सगळं गाव बसलं होतं. मुखियानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तो आपल्या काठीवरची माती नखानं काढत होता. बायकांत एलुबी होती, मांडीवर एनेलेसी. पोरीच्या गालाला जरा तकाकी आली होती.

"खोटं हाय," लायटन म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. कुणी त्याला पुढचं बोलायला सांगितलं नव्हतं, मुखियानंही नाही. पण एकदा पाय घसरला की माणूस उतार संपेपर्यंत घसरतो.

"ही बाई काम करत न्हाई," तो म्हणाला. "येती, बसती, मानसांना हसवती. दारू पन पिती. म्हनून काढली. बादली कोन घेत न्हाई. गावात समदं सुशासन हाय."

'सुशासन' शब्द ऐकून बाईनं भाषांतराआधीच मान हलवली. लोकांत एक सुस्कारा फिरला, आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्यांत लायटनला हायसं वाटलं. खरंच वाटलं. पुढे कित्येक दिवस त्याला बोललेल्या शब्दांपेक्षा त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

दोरिका गुडघ्यांवरच होती. ती भांडेल, शिव्या घालील, असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, जरा वेळ, आजारी माणसाकडे पाहावं तसं. मग पाहुण्या बाईकडे वळून म्हणाली, "त्याला नका इचारू, बाई. तो घरजावई मानूस हाय. त्याला हितनं हाकललं तर जायाला जागा न्हाई. त्याची चूक न्हाई. दुसऱ्या कुनाला तरी इचारा."

बाईनं कायुनीकडे पाहिलं. कायुनीनं कपाळाचा घाम पुसला आणि बाईच्या भाषेत अगदी थोडकं काहीतरी बोलला. बाईनं दोरिकाकडे बघून हसून मान लववली. दोरिका उठली, गुडघ्यांची माती झटकली आणि बायकांमध्ये जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूच्या बायका जराशा सरकल्या.

पाहुणे गेल्यावर लोक लायटनशी बोलायला आले. कुणी पाठीवर थाप मारली. मुखियानं लांबूनच काठी उचलली. त्या रात्री जेवणात वाल होते. एलुबीनं त्याला वाढलं, पण ताट पुढे ठेवताना बाईमाणूस नवऱ्यापुढे गुडघा टेकते तो तिनं टेकला नाही. उभ्यानंच वाकून ठेवलं.

"तुझ्यासाठी बोललो," तो म्हणाला. "पोरीसाठी."

"मी काय म्हनले?"

"मग अशी का करतीस?"

"दारू पिती म्हनालास," एलुबी हळूच म्हणाली. "ते कशापायी म्हनालास? ते तर कुनी मागितलंबी नव्हतं."

लायटननं वालाचं ताट जवळ ओढलं.

काही दिवसांनी कळलं, दोरिका लेकीला आणि नातवाला घेऊन डोंगरापलीकडे चहाच्या मळ्यावर गेली. तिथं पाऊस होता, पानं फुटली होती, हंगामी माणसं घेत होते. लायटनचं कामात लक्ष लागेना. शेजारी खणायला दुसरं कुणी उभं राहिलं की त्याला ते दोरिकाच वाटायचं. बांधाला बाक आला तर कुणी त्याला टोचून बोलत नव्हतं. शेवटी एका सकाळी तो बाजारच्या गावाला चालत गेला. संस्थेच्या कचेरीमागे कायुनी मोटारसायकलीची साखळी चढवत बसला होता. हात तेलानं काळे.

"साहेब, मी खोटं बोललो," लायटन उभ्या उभ्याच म्हणाला. "दोरिका खरं बोलली व्हती."

कायुनीनं साखळीवरून नजर काढली नाही. "माहीत आहे."

"तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"गावोगाव आहे. कुठं ताट, कुठं बादली."

"मग तुम्ही बाईला तिचं शेवटचं बोलनं का सांगितलं न्हाई? काय सांगितलंत तुम्ही?"

कायुनी फडक्यानं एकेक बोट पुसू लागला. "सांगितलं की तिचा गैरसमज दूर झाला." मग एकदम वर बघून म्हणाला, "तू खरं सांगितलंस तर मला वर लिहावं लागेल. लिहिलं की चौकशी. चौकशी संपेपर्यंत वाटप बंद. मका हाताशी यायला किती दिवस आहेत अजून? तू सांग, लिहू? तुझ्या नावावर लिहू?"

लायटन साखळीकडे बघू लागला.

"बघ," कायुनी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मलाही घरी दोन पोरं आहेत." तो आत गेला आणि एक निळा बनियन घेऊन आला. छातीवर छापलं होतं, 'विचारा, बोला, जाब मागा'. "बाईंना तुमची समिती फार आवडली. शेजारच्या गावांत समित्या करायच्या आहेत. तू येऊन चार शब्द सांगावेस, असं वरून आलंय. जेवण मिळेल."

दोघंही बनियनकडे बघत उभे राहिले. लायटननं तो घेतला. का घेतला, हे त्याला सांगता आलं नसतं. देणाऱ्याचा हात पुढे आला की आपले दोन्ही हात पुढे करायचे, एवढंच अंगात मुरलेलं होतं. वाटेत त्यानं तो एका वाळक्या ओढ्यात दगडाखाली ठेवला.

पुढच्या वाटपाला चर्चच्या अंगणात गाडी आली, गेली. भाचे टोपली घेऊन बसले. लायटनची पाळी आली तेव्हा त्यानं पोतं खाली ठेवलं, पण सोडलं नाही. "ऐका रे," तो म्हणाला, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाला, "ऐका. दोरिका त्या दिवशी खरं बोलली. ती दारू पीत न्हाई. ती माझ्यापरीस जास्त खनायची. मी खोटं बोललो. बादली घेत्यात, ही बघा, हितंच हाय."

त्याला वाटलं होतं, मुखियाची माणसं अंगावर येतील. ती जागची हललीही नाहीत. अंगावर आली ती रांगेतली माणसं.

"आता कशाला उकरतोस?"

"पीठ बंद पाडायचंय काय आमचं?"

"तवा तोंडात काय व्हतं? बादली खाल्लीस तवा?"

ते सगळ्यांना माहीत होतं. कसाव्याच्या शेतातून घातलेला वळसा, पिठावरचं पान, सगळं. एक बाई पुढे आली, जिनं त्या दिवशी पहिली टाळी वाजवली होती. तिनं लायटनच्या पोत्याची गाठ स्वतः सोडली, बादली भरली आणि टोपलीत ओतली. "झालं," ती म्हणाली. "झालं रं बाबा. चल, फुडं सरक."

तेवढ्यात मुखिया चर्चच्या दारातून बाहेर आला. त्यानं लायटनकडे पाहिलं, त्याच कनवाळू डोळ्यांनी. "ऊन लागलंय त्याला," तो म्हणाला. "जावईबापू, घरी जा. पानी पी. पड जरा."

लोक हसले. लायटननं पोतं डोक्यावर घेतलं आणि हसणाऱ्या माणसांमधून वाट काढत घरी गेला. त्याची कुदळ आणि चटई अंगणात ठेवलेली असेल असं त्याला वाटलं होतं. तीही नव्हती. त्याला हाकलण्याइतकंही त्यानं काही केलेलं नव्हतं.

एलुबीनं ऐकलं असावं. तिनं पोतं उतरवून घेतलं, एका फडक्यात थोडं पीठ बांधलं आणि त्याच्यापुढे धरलं. "मळा लांब हाय," ती म्हणाली. "उजाडताच निघ."

डोंगराला वळसा घालता घालता हवा ओली झाली. मळे सुरू झाले तशी बारीक झिमझिम लागली. इतक्या दिवसांनी अंगावर पाणी पडत होतं, पण ते आपल्यासाठी नाही असं त्याला वाटत राहिलं. हिरव्यागार झुडपांच्या ओळींत कमरेपर्यंत बुडालेल्या बायका, पाठीवर टोपल्या, हात यंत्रासारखे. त्यानं विचारत विचारत दोरिकाला शोधलं. ती आणखी वाळली होती. बोटं चहाच्या चिकानं काळी पडली होती. तिनं त्याला पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. मळ्यात टोपलीच्या वजनावर मजुरी होती.

"अक्का, बाळ कसं हाय?"

"हाय."

"मी सांगितलं अक्का. समद्यांसमोर सांगितलं, तू खरं बोलली व्हतीस म्हनून."

"त्या बाईला सांगितलंस?"

"न्हाई. त्या गेल्या व्हत्या."

"मग कुनाला?"

"गावाला. वाटपाच्या रांगेत."

"गावाला म्हाईतच व्हतं की." दोन्ही हातांतली पानं तिनं खांद्यावरून मागे टोपलीत टाकली. "काय म्हनालं गाव?"

"हसले."

ती हसली नाही. तिनं दोन झुडपं पुढे सरकून पुन्हा खुडायला सुरुवात केली. लायटननं पिठाचं फडकं पुढे केलं. "एलुबीनं दिलंय."

"तिकडं ठेव. एलुबीनं दिलंय तर घेते." फडकं झुडपाच्या बुडाशी कोरड्या जागी ठेवून तो तिथंच उभा राहिला. पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून खाली टपकत होतं. त्याला वाटत होतं तिनं त्याला बोलावं, मारावं, किंवा माफ तरी करावं. काहीतरी करून त्याला जाऊ द्यावं. ती एका लयीत खुडत होती. लांबून मळ्याच्या मुकादमानं ओरडून विचारलं, तो माणूस कोण, कामाचा की उगाच.

दोरिकानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट वळून पाहिलं.

"उभा कशाला ऱ्हायलास?" ती म्हणाली. "मान खालीच घालायची आसंल तर झुडपात घाल. पानं तरी तुटतील. शेंडा नि दोन पानं, जास्त न्हाई. तुझी पानं माझ्या टोपलीत टाकायची."

लायटन तिच्या मागच्या ओळीत शिरला. ओल्या फांद्या पोटाला लागत होत्या. शेंडा आणि दोन पानं. त्याची बोटं जाड, जाळी ओढणारी, कुदळीची. पान निम्म्यात फाटायचं. तो सावकाश खुडत राहिला, मूठ भरली की पुढे जाऊन तिच्या पाठीवरच्या टोपलीत टाकत राहिला. दुपारपर्यंत ती त्याच्या कितीतरी पुढे निघून गेली होती.